पाऱ्यासाठी चमकणारे प्रोब - पेपरात भारी, पण खऱ्या नमुन्यात?

डोंबिवलीकर_केमिस्ट

फेअरनेस क्रीमच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आता म्हणे असं केमिकल निघालंय जे पाण्यात टाकलं आणि पारा असला तर लगेच गुलाबी होऊन चमकतं, मग लॅबवाल्यांना एवढे पैसे कशाला मोजायचे. तिथे उत्तर टंकायला घेतलं ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा, तिकडे क्रीमची चर्चा चालू राहू दे.

मी एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे, पाणी, सांडपाणी, गाळ यातले जड धातू बघणं हे रोजचं काम. एमएस्सीचा प्रोजेक्ट नेमका ह्याच प्रोबवर (म्हणजे पारा भेटला की चमकणाऱ्या शोधक रेणूंवर) होता, त्यामुळे प्रेम पण आहे आणि राग पण आहे, दोन्ही खाली दिसेल.

आधी हे चमकतं कसं ते. रोडामाइन बी हा रंग सगळ्यांनी बघितलाय, २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने बुढ्ढी के बालवर बंदी घातली ती ह्याच्याचमुळे. भडक गुलाबी, यूव्ही टॉर्च मारली की नारिंगी पेटतो. आता हा रंग इथेनॉलमध्ये हायड्रेझिन हायड्रेट घालून उकळत ठेवला की हळूहळू फ्लास्कमधला गुलाबी-जांभळा रंग विरत जातो आणि शेवटी फिकट पिवळसर नारिंगी पाणी उरतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रिॲक्शन वाया गेली, पण तेच तर हवं असतं! रेणूच्या आत एक पाच जणांचं कडं तयार होतं (त्याला स्पायरोलॅक्टम म्हणतात) आणि रंग देणारी सलग साखळी मधेच तुटते, म्हणजे छत्री मिटली असं समजा. मिटलेली असताना रंग नाही, चमक नाही. मग त्याला फिनाइल आयसोथायोसायनेट जोडलं की रेणूवर एक गंधक येऊन बसतो. पाऱ्याला गंधकाची जी ओढ आहे ती बाकी कुठल्याच नेहमीच्या धातूला एवढी नाही, तो येतो, गंधक उचलतो, मर्क्युरी सल्फाइड बनून बाजूला होतो आणि त्या ओढाताणीत छत्री उघडते. गुलाबी रंग परत, चमक परत.

ह्यातली खरी हुशारी कुठे आहे ती सांगतो, कारण रिसर्च पेपर वाचताना ती निसटते. पारा हा चमक विझवणारा धातू आहे. जड अणू रंगाच्या रेणूला चिकटला की उत्तेजित झालेला रेणू उजेड टाकायच्या आत सिंगलेटमधून ट्रिपलेटमध्ये (चमकणाऱ्या अवस्थेतून न चमकणाऱ्या अवस्थेत) घसरतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून सुरुवातीचे बरेच प्रोब 'पारा आला की विझणारे' होते. पण विझवायला तांबं पण येतं, लोखंड पण येतं, नमुना गढूळ असला तरी उजेड कमी होतो, त्यामुळे विझणं म्हणजे पुरावा नाही. गंधक उचलून पळणाऱ्या युक्तीत पारा रंगाजवळ थांबतच नाही, म्हणून चमक टिकते. ओहायो स्टेटमधल्या झारनिक यांच्या गटाने १९९२ मध्ये अँथ्रासीन नावाच्या दुसऱ्या चमकणाऱ्या रेणूवर हे पाण्यात करून दाखवलं होतं. रोडामाइनवर हीच युक्ती पाऱ्यासाठी २००५ मध्ये सोलच्या योनसेई विद्यापीठातल्या ताए यांच्या गटाने आणली आणि त्यानंतर जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. शेपटी बदला, नवीन प्रोब, नवीन पेपर.

आता राग. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची आपली बीआयएस मर्यादा आहे ०.००१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १ पीपीबी (अब्जात एक भाग). अमेरिकन ईपीएची २, डब्ल्यूएचओची ६ (अजैविक पाऱ्यासाठी). पेपरवाले नॅनोमोलरमध्ये (लिटरमागे किती कण ते सांगणारं एकक) बोलतात, तर १ पीपीबी पारा म्हणजे साधारण ५ नॅनोमोलर. आणि प्रोब किती घालतात? बहुतेक वेळा १० मायक्रोमोलर, म्हणजे १०,००० नॅनोमोलर. म्हणजे पाणी मर्यादेवर असेल तर दर दोन हजार प्रोबच्या रेणूंमागे पाऱ्याचा एक आयन आहे! उरलेले १९९९ पूर्ण मिटून बसले पाहिजेत, त्यातले दोनचार जरी आपोआप उघडले तरी तुमचा सिग्नल गेला. पेपरात डिटेक्शन लिमिट काढतात कोऱ्या द्रावणाच्या चढउताराला तीनने गुणून ग्राफच्या उताराने भागून. गणित बरोबरच आहे, पण ते कोरं द्रावण म्हणजे अर्धं ॲसिटोनायट्राइल आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटरमधला बफर. आमच्याकडे असलं पाणी कुणी आणत नाही हो, आमच्याकडे खाडीचं, बोअरचं आणि ईटीपीचं (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) येतं.

अजून एक गंमत, ही तर कुणी लिहितच नाही. धातूंच्या तपासणीचा नमुना घेतला की त्यात नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा असतो, नाहीतर पारा बाटलीच्या भिंतीला धरून बसतो. आणि रोडामाइनची ही मिटलेली छत्री ॲसिडमध्ये पारा नसतानाही उघडते! म्हणजे नियमाप्रमाणे जपून आणलेला नमुना थेट प्रोबमध्ये टाकला तर बिसलरी पण विषारी निघेल. आधी पीएच परत सातच्या आसपास आणा, मग घाला, आणि तेवढ्यात किती पारा भिंतीला गेला ते देव जाणे.

तर माझं म्हणणं असं की ह्या प्रोबची परीक्षा त्या सुंदर बार ग्राफवर (बाजूला पंधरा धातूंच्या बुटक्या काड्या आणि मधे पाऱ्याचा उंच मनोरा) करू नये, खऱ्या नमुन्यात काय होतं त्यावर करावी. तुमचं काय मत? कुणी वापरलंय का प्रत्यक्षात?

चहा_कमी_साखर

अर्धं डोक्यावरून गेलं पण छत्री कळली :) म्हणजे यूव्ही टॉर्च घेऊन घरी तपासणी नाही? मी कार्टमध्ये टाकून ठेवली होती राव.

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे जुना काचेचा थर्मामीटर आहे, पोराच्या हातून फुटलाच तर हे प्रोब घालून कळेल का पारा कुठे कुठे गेला ते?

डोंबिवलीकर_केमिस्ट

@चहा_कमी_साखर, नाही. थर्मामीटरमधला पारा म्हणजे धातू, त्याची वाफ पण धातूचीच. प्रोब ओळखतो तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन, वाफेला तो ढुंकूनही बघणार नाही. फुटला तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नाही (झाडूने थेंब बारीक होऊन पसरतात, व्हॅक्यूमने वाफ घरभर होते), जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र ढकलून झाकणाच्या बरणीत घ्या, बारीक थेंब चिकटपट्टीने उचला. बेसिनमध्ये ओतू नका. टॉर्च मात्र कामाची, साधी. तिरकी धरली की फरशीवरचे थेंब लकाकतात.

पीएचडी_चालू_आहे

दादा, धागा आवडला पण थोडं भांडायला आलेय. मी ह्याच क्षेत्रात आहे (पाऱ्यावर नाही, दुसऱ्या धातूवर, गाईडने हा शब्द वाचला तर कोण ते कळेल म्हणून सांगत नाही).

एक म्हणजे तुम्ही सगळे प्रोब पिण्याच्या पाण्याच्या १ पीपीबीवर तोलताय. ते त्यांचं एकमेव काम नाहीये. योनसेईच्याच लोकांनी २००६ मध्ये जिवंत झेब्राफिशमध्ये पारा कुठे जाऊन बसतो ते रोडामाइन प्रोबने दाखवलं. तुमचं आयसीपी-एमएस (धातू मोजायचं लॅबमधलं मोठं यंत्र) मासा ॲसिडमध्ये विरघळवून आकडा देईल, पण मासा जिवंत असताना कुठल्या अवयवात किती हे नाही सांगू शकत. तिथे प्रोबला स्पर्धा नाही.

दुसरं, सांडपाणी. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची पाऱ्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे ना? म्हणजे १० पीपीबी, ५० नॅनोमोलर. हे बऱ्याच प्रोबच्या टप्प्यात येतं. फाटकावर उभं राहून 'हा टँकर संशयास्पद आहे, नमुना लॅबला पाठवा' एवढं ठरवायला आयसीपी कशाला हवं.

तिसरं, सगळे रोडामाइनवालेच नाहीत हो. २००४ मध्ये ओनो आणि तोगाशी यांनी डीएनएचा छोटा तुकडा वापरला, दोन थायमीन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) समोरासमोर आले की एरवी जोडी जमत नाही पण मधे पाऱ्याचा आयन बसला की घट्ट जमते. तुकडा दुमडतो, एका टोकाचा रंग दुसऱ्या टोकाच्या विझवणाऱ्या रेणूजवळ येतो. ते पूर्ण पाण्यात चालतं, ॲसिटोनायट्राइलचं नाव नाही. नंतर २००७ मध्ये मर्किनच्या गटाने हेच सोन्याच्या नॅनोकणांवर डोळ्यांनी रंग बदलताना दाखवलं.

बार ग्राफबद्दल मात्र काही बोलत नाही, तो आमच्याकडे पण भिंतीवर आहे.

डोंबिवलीकर_केमिस्ट

@पीएचडी_चालू_आहे ताई, झेब्राफिशचा मुद्दा मान्यच, तिथे मी वाद घालतच नाहीये.

सांडपाण्याचं मात्र इतकं सोपं नाही. मर्यादा ५० नॅनोमोलर आणि प्रोबची लिमिट पण ५० नॅनोमोलर असली तर तुम्ही काठावर उभे आहात, मोजायला तुमची लिमिट मर्यादेच्या बरीच खाली पाहिजे. आणि ईटीपीच्या पाण्यात क्लोराइड ढीगभर. क्लोराइड पाऱ्याला चार बाजूंनी धरतं, मोकळा आयन राहतच नाही. सल्फाइड किंवा कुठलं थायॉल (गंधकवाला सेंद्रिय रेणू) असलं तर अजूनच वाईट, पारा आधीच गंधकाच्या मिठीत, तुमच्या प्रोबवरच्या गंधकासाठी तो कशाला सोडून येईल. पारा आहे पण प्रोब म्हणतो नाही. फाटकावर खोटं 'हो' आलं तर परवडतं, एक नमुना जास्त तपासू. खोटं 'नाही' परवडत नाही.

निवृत्त_रसायनी

बाळांनो, तुमचे प्रोब नवीन असतील, गंधकाने पारा पकडायची युक्ती जुनीच. आम्ही डायथायझोन वापरायचो. हिरवं द्रावण क्लोरोफॉर्ममध्ये, सेपरेटिंग फनेलमध्ये नमुन्याबरोबर हलवायचं, पारा असला की क्लोरोफॉर्मचा थर नारिंगी. त्यातही गंधकच. तांबं, चांदी मधे यायचीच, पण ॲसिड किती ठेवायचं ह्यावर हात बसला की बऱ्यापैकी आकडा यायचा. क्लोरोफॉर्मचा वास आणि दुपारची झोप हे त्याचे साइड इफेक्ट.

१९६८ मध्ये हॅच आणि ऑट यांची कोल्ड व्हेपरची पद्धत आली, आपल्याकडे पोचायला वेळ लागला. टिन क्लोराइड घालून पाऱ्याला परत धातू करायचं, हवेचे बुडबुडे सोडून वाफ नळीत न्यायची आणि २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला ते बघायचं. खोलीच्या तापमानाला वाफ होणारा धातू हा एकच म्हणून हे जमतं. ज्या गुणाने तो एवढा घातक तोच गुण मोजायला उपयोगी पडला.

मी काही वर्षं एका कॉस्टिक सोडा कारखान्यात होतो, नाव काढत नाही. मर्क्युरी सेल होते. लांबच लांब उतरत्या तळाच्या पेट्या, तळाशी पाऱ्याचा पातळ थर वाहतोय, वरून मिठाचं पाणी, मधे वीज. सोडियम पाऱ्यात विरघळून अमाल्गम व्हायचं, पुढच्या भांड्यात पाणी मिळालं की कॉस्टिक आणि हायड्रोजन, आणि पारा पंपाने परत सुरुवातीला. कागदावर पारा कुठे जातच नाही! प्रत्यक्षात हायड्रोजनबरोबर जायचा, मिठाच्या गाळात जायचा, सेल उघडून धुतला की गटारात जायचा. सेलहाऊसच्या काँक्रीटच्या भेगांत थेंब बसलेले असायचे, उन्हाळ्यात पत्रा तापला की तिथे जायला नको वाटायचं. महिन्याला 'भरती' किती पारा लागला ह्याचा हिशोब ठेवला जायचा आणि तो नेमका गेला कुठे हे विचारायची पद्धत नव्हती. आता ते सेल गेले, मेम्ब्रेन आले. गेलेला पारा मात्र खाडीत आहे. एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) मुंबई केंद्रातल्या मंडळींनी उल्हास खाडीच्या गाळावर ह्याबद्दल काम केलेलं आहे, ज्यांना रस असेल त्यांनी शोधून वाचा.

चहा_कमी_साखर

काका तुम्ही वेगळा धागा काढा ह्या कारखान्यावर, प्लीज.

पीएचडी_चालू_आहे

काकांना +१. आणि गाळाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण गाळात गेलेला पारा तिथे गप्प बसत नाही. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे काही जिवाणू त्याला मिथाइल मर्क्युरी करतात, ते माशांच्या साखळीत वर वर चढत जातं.

सुरमईची_तुकडी

आता माझ्या विषयावर आलात :) मी मालवणचो, मुंबईत रवतंय. सुरमई, मोरी ह्यात पारा असतो असं दर दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं आणि घरात बंदी लागते चार दिवस. तो प्रोब माशावर टाकून बघता येईल काय? बाजारात उभ्या उभ्या? कोळीण ताई मारतील ती गोष्ट वेगळी.

डोंबिवलीकर_केमिस्ट

@सुरमईची_तुकडी भाऊ, माशावर तर सगळ्यात अवघड. माशाच्या मांसातला बहुतेक सगळा पारा मिथाइल मर्क्युरीच्या रूपात असतो आणि तो प्रथिनांतल्या सिस्टीनच्या गंधकाला घट्ट धरून असतो. मोकळा आयन जवळपास नाहीच. तुकडीवर प्रोब शिंपडला तर काही होणार नाही, आणि झालं तर ते हळद-मिठामुळे असेल. आम्ही मासा नायट्रिक ॲसिडमध्ये बंद भांड्यात मायक्रोवेव्ह डायजेस्टरला लावतो, सगळं विरघळून स्वच्छ पाणी झालं की मग मोजतो. मिथाइलचा वेगळा आकडा हवा असेल तर अजून मोठं लचांड, आधी वेगळं करायचं मग मोजायचं.

व्हॉट्सॲपवाल्यांना सांगायला एक गणित देतो. एफएसएसएआयची अन्नातल्या मिथाइल मर्क्युरीची मर्यादा ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो. एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम एवढं चालेल असं धरलंय. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ९६ मायक्रोग्रॅम. मासा बरोब्बर मर्यादेवर असला तर आठवड्याला ३८४ ग्रॅम झाले. सगळे मासे मर्यादेवर नसतात, बरेच खूप खाली असतात, पण मोठा शिकारी मासा, जास्त वर्षं जगलेला, त्यात जास्त, हा नियम पक्का. मोरी त्यात येते, मोठी सुरमई पण. बांगडा, मांदेली, तारली खाली. घरात कुणी गरोदर असेल तर मोरी बंद ठेवा, बाकी बंदीची गरज नाही.

सुरमईची_तुकडी

३८४ ग्रॅम म्हणजे आमच्याकडे एका रविवारचा विषय आसा. असो, मोरीचं मटण बायको गरोदर असेपर्यंत बंद केलं होतं तेव्हा सासूबाईंनी अंधश्रद्धा म्हटलं होतं, हे दाखवतो त्यांना.

कुमामोतोकर

नेहमी फक्त वाचतो, पण नोकरीनिमित्त जपानात कुमामोतोला राहतो आणि पाऱ्याच्या विषबाधेने गाजलेलं मिनामाता ह्याच प्रीफेक्चरमध्ये (प्रांतात) आहे म्हणून लिहायला हवं असं वाटलं.

तिकडे जाऊन आलो. ज्या खाडीत कारखान्याचं पाणी जायचं तिचा बराच भाग आता जमीन आहे, ५८ हेक्टर. १९७७ ते १९९० काम चाललं, पाऱ्याचा गाळ उपसून भराव टाकला आणि वर बाग केली. वर लोक फिरतात, खाली गाळ आहे. बाहेरच्या समुद्रात मासे पलीकडे जाऊ नयेत म्हणून जाळं लावलं होतं ते १९९७ मध्ये काढलं. म्युझियम तिथेच आहे, कुणी आलात ह्या बाजूला तर नक्की बघा, दोन तास तरी काढा.

मला एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायचीय. प्रोब-बिब वाचून असं वाटू शकतं की तेव्हा मोजायचं साधन नव्हतं म्हणून एवढं झालं. तसं नाहीये. चिस्सो कंपनीत ॲसिटाल्डिहाइड १९३२ पासून बनत होतं, पाऱ्याचा उत्प्रेरक वापरून. कंपनीच्याच हॉस्पिटलचे डॉक्टर होसोकावा यांनी १ मे १९५६ ला ह्या अनोळखी आजाराची खबर दिली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या लोकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी ४०० नंबरच्या मांजरीला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं, तिला तोच आजार झाला. कंपनीने ते दाबलं. त्या डिसेंबरात गाजावाजा करून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं जे पारा काढतच नव्हतं. उत्पादन थांबलं १९६८ मध्ये, आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं तेही १९६८ लाच. मधल्या काळात निइगाताला दुसऱ्या कंपनीमुळे तेच घडलं, १९६५.

म्हणजे ओळखायला एक मांजर पुरली होती. माहीत असूनही नऊ वर्षं पाणी सोडलं.

निवृत्त_रसायनी

कुमामोतोकर, फार चांगलं लिहिलंत. आमच्या कारखान्यात मिनामाताचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण 'ते सेंद्रिय, आपलं अजैविक' असं सांगितलं जायचं. वर ताईंनी जिवाणूंचं लिहिलंय तेच त्याला उत्तर.

रसशाळा_नाशिक

धागा वाचतोय. आमच्या रसशास्त्रात पारद आणि गंधक खलात तासन्‌तास घोटून कज्जली करतात, काजळासारखी काळी, त्यात पाऱ्याची एकही चमक दिसता कामा नये, उन्हात बोटावर घासून बघतात. म्हणजे पाऱ्याला गंधकाने बांधायचं हे आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी माहीत होतं. प्रश्न असा की हा प्रोब कज्जलीवर किंवा रससिंदुरावर चमकेल का? चमकला नाही तर पारा बद्ध झाला, दोष नाही असं म्हणता येईल का?

डोंबिवलीकर_केमिस्ट

चमकणार नाही, बहुतेक. कारण कज्जली म्हणजे मर्क्युरी सल्फाइडच, जगातल्या सगळ्यात न विरघळणाऱ्या पदार्थांपैकी एक, आणि प्रोबचं शेवटचं उत्पादन पण तेच आहे, मग त्यातून पारा परत प्रोबकडे कसा येईल.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे. प्रोब चमकला नाही म्हणजे पाण्यात मोकळा आयन नाही, एवढंच. पोटात ॲसिड, आतड्यात जिवाणू, शिवाय घोटण्यात कसर राहिली असेल तर मोकळा पारा वेगळाच, ह्यातलं काहीच प्रोब सांगत नाही. लॅबमध्ये ॲसिडने डायजेशन करून (विरघळवून) मोजलं तर रसौषधात पारा टक्क्यांमध्ये निघतो, पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) नाही. खायचं की नाही ह्यावर भांडायचं असेल तर आयुर्वेदाचे तीन धागे आधीच पेटलेले आहेत, इथे नको.

चहा_कमी_साखर

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो :(

पीएचडी_चालू_आहे

परत मूळ मुद्द्यावर. ज्या क्रीमवरून हे सुरू झालं तिथे प्रोब चालेल असं माझं ठाम मत आहे. २०२३ च्या सुमारास अकोल्यात आणि मग केरळात मलप्पुरमला क्रीममुळे किडनीच्या केसेस आल्या. अशा क्रीममध्ये कॅलोमेल किंवा अमोनियेटेड मर्क्युरी (दोन्ही पाऱ्याचीच संयुगं) घालतात, आणि चिमूटभर नाही, हजारो पीपीएमपर्यंत. सौंदर्यप्रसाधनांची मिनामाता करारातली (पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारातली) रेघ आधी १ पीपीएम होती, २०२५ पासून तर पारा घातलेली प्रसाधनंच त्यात बंद. तिथे दोन हजारात एक वगैरे गणित लागूच होत नाही, पारा ढीगभर आहे. थोडं क्रीम ॲसिडमध्ये गरम करून, गाळून, पीएच सातला आणून कागदाच्या पट्टीवर प्रोब. दादा, इथे तरी मान्य करा!

डोंबिवलीकर_केमिस्ट

इथे मान्य. म्हणजे क्रीममध्ये झिंक ऑक्साइड, टायटॅनियम, सुगंध, चरबी सगळा गोंधळ असतो, आणि कॅलोमेल आधी ऑक्सिडाइज करून आयनपर्यंत आणावं लागेल, नुसतं गरम करून नाही भागणार. पण एवढं केलं तर हजार पीपीएमचं क्रीम पकडायला पट्टी पुरेल. खोटं 'नाही' यायची भीती तिथे कमी. मात्र हाच नमुना हातातल्या एक्सआरएफ पिस्तुलासमोर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) धरला तर काही न विरघळवता मिनिटभरात उत्तर मिळतं, महाग असलं तरी एफडीएसारख्या खात्याला परवडण्यासारखं आहे. पट्टीचा फायदा जिथे पिस्तूल पोचत नाही तिथे. तालुक्याच्या ठिकाणी त्वचेच्या डॉक्टरकडे अशी पट्टी असली तर मला आवडेल, खरंच.

माझा मूळ राग प्रोबवर नव्हताच, 'रिअल सॅम्पल ॲनालिसिस' नावाच्या त्या शेवटच्या टेबलवर आहे. नळाचं पाणी घेतात, त्यात स्वतःच पारा घालतात, आणि ९८ ते १०२ टक्के परत मिळाला असं लिहितात. नळाच्या पाण्यात प्रोब चालतो एवढंच त्याने कळतं. खाडीचं पाणी आणा, डायजेशन करा, कोल्ड व्हेपरचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा. दोन्ही जुळले तर मी स्वतः प्रोब विकत घेईन.

पीएचडी_चालू_आहे

हे मात्र गाईडला न सांगता करून बघणार आहे, माझ्या धातूसाठी. नमुना द्याल का? :)

डोंबिवलीकर_केमिस्ट

ग्राहकांचे नाही देता येणार. खाडीवर या, काठाकाठाने स्वतः भरून घ्या, गमबूट मी देतो.

शहाडची_विहीर

नवीन आयडी आहे, नमस्कार. आमच्या जुन्या वाड्यात विहीर आहे, पिण्याला नाही पण झाडांना आणि भांड्यांना वापरतो. काकांचं वाचून धसका घेतलाय. पारा तपासून घ्यायचाय. मिनरल वॉटरची बाटली धुवून त्यात पाणी भरून आणलं तर चालेल का? किती लागेल?

डोंबिवलीकर_केमिस्ट

@शहाडची_विहीर, त्या बाटलीत नको. साध्या प्लास्टिकमधून पाऱ्याची वाफ आतबाहेर करते, शिवाय पारा भिंतीला धरतो, आकडा खरा येणार नाही. लॅबला आधी फोन करून 'मर्क्युरीसाठी' असं स्पष्ट सांगा, ते ॲसिडने धुतलेली काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली देतात, आत ॲसिड घातलेलं असतं म्हणून ती विसळू नका आणि हातावर सांडू देऊ नका. अर्धा लिटर पुरतं. पंपाने काढत असाल तर आधी पाच-दहा मिनिटं पाणी जाऊ द्या, बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी पोचवा. तळाचा गाळ ढवळून त्यात येऊ देऊ नका, गाळ बघायचा असेल तर तो वेगळ्या बरणीत आणि वेगळी टेस्ट. रिपोर्टवर 'बिलो डिटेक्शन लिमिट' आलं तर ती लिमिट किती आहे ते विचारा, ती १ पीपीबीच्या खाली नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही.